गॉड ऑफ वॉर की रॅग्नारॉक? कथेसाठी घेणार असाल तर

खिशाला एकच झेपत असेल आणि मारामारीपेक्षा गोष्टीत रस असेल, तर गॉड ऑफ वॉर या व्हिडिओ गेम मालिकेच्या नॉर्स पुराणकथांवरच्या जोडीतला २०१८चा पहिला भाग घ्या. २०२२चा रॅग्नारॉक भव्य आहे, पण त्याचा पसारा गोष्टीलाच जड जातो.

पहिल्याचा धागा एकच. क्रेटोस आणि त्याचा मुलगा अॅट्रियस यांना मुलाच्या आईची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून सोडायची आहे, आणि प्रत्येक अडथळा त्याच वाटेवर येतो. मुलगा आजारी पडतो तेव्हा बाप घराखाली लपवलेली साखळीची पाती बाहेर काढतो. आपल्याला शस्त्र नवं मिळतं, पण ते हातात घेताना बापाची मान खाली असते. कॅमेराही कुठे कट होत नाही, त्यामुळे या दोघांपासून सुटका नाही. होडीत त्यांचा सोबती मिमीर गोष्टी सांगतो. किनारा आला की तो थांबतो, पुन्हा बसलात की पुढे सुरू करतो. तरी घाई नको, गोष्ट संपेपर्यंत वल्हवत राहा. खटकतं ते एवढंच की तेच ते ट्रोल (राक्षस) बॉस म्हणून, म्हणजे मोठ्या लढतीतले शत्रू म्हणून, परत परत येतात.

रॅग्नारॉकची सुरुवात जबरदस्त. थॉर आणि ओडिन हे नॉर्स देव थेट क्रेटोसच्या घरी येतात, आणि ओडिनचं शांत बोलणंच जास्त धडकी भरवतं. देवी फ्रेया आणि ब्रॉक, सिंड्री हे बुटके लोहार भाऊ यांना इथे खरी जागा मिळाली आहे. पण अॅट्रियस आपल्या हातात येतो त्या आयर्नवुडच्या भागात लढाई थोडी आणि चालत बोलणं फार. कंटाळा येतो तो इथेच. सोबतीही कोडं नीट बघायच्या आत उत्तर सांगून टाकतात. एवढी तयारी करून आणलेलं शेवटचं युद्ध मात्र उरकल्यासारखं वाटतं. स्वार्टाल्फहाइम या बुटक्यांच्या प्रदेशातली बांधून ठेवलेल्या महाकाय जलचराची साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची मोहीम) चुकवू नका. मिमीरचा जुना अपराध तिथे उघडा पडतो आणि ती मुख्य कथेतल्या बऱ्याच प्रसंगांपेक्षा सरस आहे.

पीसीवर पहिल्याला ७० जीबी जागा लागते, रॅग्नारॉकला १९०, तीही एसएसडीवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड डिस्क शोधणार असाल, तर पीएस४ (प्लेस्टेशन ४)ची डिस्क पीएस५वरही चालते, फक्त त्या पीएस५ला डिस्क ड्राइव्ह हवा. आणि थेट रॅग्नारॉकच घेतलात, तर मेन मेनूतली मागच्या भागाची उजळणी आधी बघा. घटना कळतील, फ्रेया एवढी का पेटली आहे ते मात्र पहिला भाग खेळल्याशिवाय पोचत नाही.