वायरशार्क: मल्टिकास्ट शिकवायचं तर हेच उघडा

डिप्लोमाच्या मुलांना मी नेटवर्किंग शिकवते. मल्टिकास्टचा, म्हणजे एकच पॅकेट गटातल्या अनेक यंत्रांना पाठवण्याचा, आयपी पत्ता इथरनेटच्या (मॅक) पत्त्यात कसा बसतो, हे नुसत्या फळ्यावर त्यांच्या पचनी पडत नाही. नेटवर्कवरची पॅकेटं उघडून दाखवणाऱ्या वायरशार्क या फुकट प्रोग्रॅममध्ये 239.1.1.1 ला जाणारं पॅकेट उघडलं की मॅक पत्ता समोरच असतो: 01:00:5e:01:01:01. सुरुवातीचे 24 बिट ठरलेले, मग एक शून्य, पुढे आयपीचे शेवटचे 23 बिट जसेच्या तसे. आता 224.129.1.1 चं पॅकेट दाखवा. मॅक तोच! आयपी पत्त्यातल्या गट ओळखणाऱ्या 28 बिटांपैकी 5 गळतात, म्हणून 32 आयपी पत्ते एकाच मॅकवर येतात. नको असलेलं पॅकेट मग वरचा आयपी थर टाकून देतो. दोन्ही पत्ते एकाखाली एक दिसतात, म्हणून मुलांना पटतं. सुरुवातीला पॅकेटांची गर्दी गोंधळवते. हवी तेवढीच पॅकेटं दाखवणारा फिल्टर आधी शिकवा.