स्टाइन्स;गेट की रोबोटिक्स;नोट्स?

पावसाळ्यात मासेमारी बंद, मालवणात संध्याकाळी करण्यासारखं फार नसतं. मग अशी लांबलचक, कथा वाचत खेळायची व्हिडिओ गेम बरी. एकाच मालिकेतल्या या दोन. २००९ची स्टाइन्स;गेट अर्धी होईस्तोवर रेंगाळते, टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेतल्या गप्पा संपता संपत नाहीत. पण मायक्रोवेव्हला जोडलेल्या फोनमधून भूतकाळात धाडलेला एकेक मेसेज नंतर रद्द करावा लागतो, तेव्हा त्याच गप्पांमुळे जीव तुटतो. २०१२ची रोबोटिक्स;नोट्स जपानच्या तानेगाशिमा बेटावरची: समुद्र, रॉकेट केंद्र, शाळेतला रोबोट क्लब. किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच आपलीशी वाटते. कथा मात्र विस्कळीत. गेममधल्या सोशल मीडियावर कुठल्या पोस्टला काय उत्तर दिलं यावर कथेची वाट ठरते, आणि ते कळायला मार्ग नाही! मी आधी स्टाइन्स;गेटच सुचवेन, तीही हेडफोन लावून; कौलांवर पाऊस कोसळत असला की संवाद ऐकूच येत नाहीत.