कौटुंबिक फर्मची वाटणी : वकील एक की दोन?

वडिलांच्या पश्चात भागीदारी फर्म मोडायची किंवा नव्याने बांधायची असेल, किंवा नवरा-बायको दोघंही भागीदार असलेल्या धंद्यात घटस्फोट येऊन ठेपला असेल, तर वकील निवडताना दोन वाटा दिसतात. भागीदारी-व्यवहारासाठी एक आणि वारसाहक्क-कुटुंबासाठी एक असे दोन जाणकार धरायचे, किंवा दोन्हींत मुरलेला एकच वकील करायचा. आमच्या फर्मच्या वेळी आम्ही आधी पहिल्या वाटेने गेलो आणि नंतर दुसरी धरली. दोन्हींचं सुखदुःख जवळून पाहिलंय म्हणून लिहितोय. माझा अनुभव एका घरापुरता आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

दोन वकिलांची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. भागीदारी करारातला वाद तीन लाखांचा किंवा त्याहून मोठा असला की तो व्यावसायिक न्यायालयांच्या २०१५च्या कायद्यात येतो, आणि तिथली शिस्त वेगळी आहे. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी करून पाहावीच लागते. समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल झाली नाही, तर ती देण्याचा हक्कच जातो. साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवस उलटून गेले तरी सबळ कारण असेल तर न्यायालय बऱ्याचदा सांभाळून घेतं. ज्याची सगळी कारकीर्द साध्या दिवाणी दाव्यांत गेली आहे, त्याच्या हातून व्यावसायिक न्यायालयात मुदत चुकू शकते. भागीदारी पत्रात लवादाचं कलम असेल तर आपलं पहिलं म्हणणं देतानाच, उशिरात उशिरा, ते पुढे करावं लागतं; त्याबद्दल अवाक्षर न काढता कैफियत देऊन बसलं की ती वाट बंद होते.

आमचं भागीदारीचं काम पाहणारे वकील यात तरबेज होते. धाकट्या भावाला फर्ममधून बाहेर पडायचं होतं. त्याच्या निवृत्तीचा कच्चा मसुदा वाचता वाचता त्यांनी दोन गोष्टी हेरल्या. निवृत्तीची जाहीर सूचना दिली नाही, तर बाहेरच्या लोकांच्या लेखी त्याची जबाबदारी सुटत नाही. आणि बँकेला दिलेली वैयक्तिक हमी निवृत्तीपत्राने आपोआप संपत नाही. ती बँकेकडून लेखी सोडवून घ्यावी लागते. या दोन ओळी नसत्या तर पुढे फर्मचं कर्ज थकलं असतं तेव्हा भावाच्या घरावर नोटीस आली असती.

वारसाचं काम पाहणाऱ्या वकिलांचं बळ निराळं होतं. त्यांनी आईला आमच्यापासून बाजूला बसवून, घाई न करता, तिला काय हवंय ते विचारलं. आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, आम्ही दोघे भाऊ आणि ताई यांच्यात सारखी येते. वडिलोपार्जित असेल तर २००५ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२०चा निकाल यांमुळे मुलीचा हक्क जन्मापासूनचा, मग दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत वा नसोत. हे त्यांनी सगळ्यांसमोर स्वच्छ मांडलं. ताई म्हणाली, मला काही नको. त्यावर ते म्हणाले, स्थावरातला हक्क तोंडी सुटत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि सही करण्याआधी तुम्ही तुमच्या स्वतंत्र वकिलाला दाखवा. आमच्याकडून फी घेणाऱ्या माणसाने हे सांगावं, याचा मला आजही आदर वाटतो.

जाता जाता एक सांगायला हवं. ‘कौटुंबिक कायदा’ अशी ओळख सांगणारे बरेच वकील प्रत्यक्षात घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा हीच कामं करतात. १९८४च्या कायद्याने झालेलं कौटुंबिक न्यायालय मुख्यतः विवाहातून निघणारे वाद पाहतं. भावाबहिणींच्या वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात जातो. तेव्हा तुमचा वाद यातला कोणता, हे आधी ठरवा आणि मग अनुभव विचारा.

तर दोन्ही वकील चांगले. मग बिनसलं कुठे? गोदामावर.

गोदामाची जमीन वडिलांच्या नावावर. त्यावरचं बांधकाम फर्मच्या पैशातून झालेलं. फर्मच्या ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून दाखवलेलं, दरवर्षी त्यावर घसाराही (वापरामुळे किमतीत होणारी घट) घेतलेला. भागीदारीच्या वकिलांच्या मसुद्यात हे गोदाम ‘फर्मची मालमत्ता’ म्हणून आलं. वारसाच्या वकिलांच्या मसुद्यात तेच गोदाम, त्याच चतुःसीमांसह, ‘कै. वडिलांची स्वतःची मिळकत’ म्हणून आलं. दोन्ही मसुदे एकाच आठवड्यात टाइप होऊन माझ्या टेबलावर होते.

यात काय बिघडलं ते आकड्यांत पाहा. फर्ममध्ये वडील, मी आणि भाऊ असे तीन सारखे भागीदार. गोदाम वडिलांचं स्वतःचं धरलं तर आईचा त्यात चौथा हिस्सा आणि ताईचाही चौथा. तेच फर्मचं धरलं तर देणी भागवून जे उरेल त्यातला वडिलांचा तिसरा हिस्सा चौघांत वाटला जाणार, म्हणजे आईला आणि ताईला प्रत्येकी बारावा. एका शब्दाने त्यांचा वाटा एक तृतीयांशावर येतो. शिवाय फर्ममधला हिस्सा, फर्मकडे स्थावर असलं तरी, जंगम समजला जातो. मग हक्कसोडपत्र लागतं की नाही इथपासून सगळं बदलतं. आणि उद्या वाद कोर्टात गेला असता, तर एका दस्तातलं आमचंच लिहिणं दुसऱ्या दस्ताविरुद्ध कबुली म्हणून दाखवलं गेलं असतं.

मी एकांना विचारलं तर ते म्हणाले, मिळकतीचा प्रश्न त्यांचा आहे, त्यांना विचारा. दुसऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, ताळेबंदातली नोंद कशी फिरवायची हे ते सांगतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पण मधला धागा धरायला कायद्याचं शिक्षण नसलेला मी एकटा. एकांचं म्हणणं दुसऱ्यांना सांगायचं, ते सांगताना त्यातली एखादी बारीक अट गळून जायची, आणि मग त्या अटीवाचून मसुदा तयार व्हायचा. दोघांची एकत्र बैठक ठरवायला गेलं की एकांची तारीख आणि दुसऱ्यांची तारीख आड यायची. बाकी गोष्टी मी सोसल्या असत्या, पण हा निरोप्याचा धंदा मला झेपला नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

घटस्फोटातही हीच जागा दुखते, हे जवळच्या नात्यात पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. धंद्यातलं उत्पन्न त्यात लिहावं लागतं. तेच उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात असतं, कर्जाच्या अर्जात असतं, आणि भागीदारांच्या हिशेबाच्या वादातही असतं. ही सगळी कागदं एकाच माणसाने वाचली तर तो पहिल्याच दिवशी सांगतो की हा आकडा जुळत नाही, खरा कोणता ते आत्ताच ठरवा. दोघांनी वाटून वाचली, तर ते समोरचा वकील उलटतपासणीत सांगतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात बायको फर्ममधून निवृत्त होणार असेल, तर संमतीच्या अटी आणि निवृत्तीपत्र यांत रक्कम, तारीख आणि हमी शब्दशः जुळायला हव्यात. तिथेही एकच हात बरा.

नंतर आम्ही ज्या वकीलबाईंकडे गेलो त्यांनी वाटणी आणि भागीदारी ही दोन्ही कामं वर्षानुवर्षं केलेली होती. त्यांनी पहिल्या बैठकीला आमच्या सीएंना बोलावून घेतलं. ताळेबंद आणि मिळकतीचे उतारे शेजारी ठेवून एक परिशिष्ट केलं: मिळकत कोणती, कागदोपत्री कोणाची, पैसा कोणाचा, ताबा कोणाचा. मग म्हणाल्या, प्रत्येक दस्ताला हेच परिशिष्ट लागेल, एक अक्षर वेगळं नाही. गोदामाची जमीन वडिलांची, त्यावरचा बांधकामाचा खर्च फर्मचं येणं, असं सगळ्यांच्या संमतीने ठरलं आणि तेच सगळीकडे लिहिलं गेलं. आधी ठरलेल्या कौटुंबिक तडजोडीची नुसती आठवण म्हणून केलेला लेख आणि ज्या लेखानेच हक्क निर्माण होतो तो लेख, यांतला फरकही त्यांनी समजावला. पहिल्याला नोंदणी लागत नाही, स्थावराबाबत दुसऱ्याला लागते. कोणता कागद कोणत्या स्वरूपात करायचा याचा क्रम एकाच डोक्यात होता, त्यामुळे कामाला वेग आला असं मला वाटतं. मोजून काही सांगता येणार नाही.

एका वकिलाचा धोकाही आहे, आणि तो लहान नाही. हा वकील नेमका कोणाचा? वाटणी शांततेत चाललेली असते तेव्हा त्याला सगळे ‘आपले वकील’ म्हणतात. वाद पेटला की ते चालत नाही. एखाद्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभं राहायचं नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. म्हणून फर्मचे वर्षानुवर्षांचे वकील एका भावासाठी धरण्याचा मोह टाळावा, असं माझं मत आहे. ते कितीही जाणते असले तरी दोघांची गुपितं त्यांच्याकडे असतात. आमच्या वकीलबाईंनी वकीलपत्र फक्त माझं आणि आईचं घेतलं, तेही आम्हा दोघांचं म्हणणं एकच आहे याची आईशी स्वतंत्र बोलून खात्री करून. भावाला आणि ताईला त्यांनी स्वतःचे वकील पाहायला सांगितलं.

आणि काही प्रकरणांत मी आजही दोन वकील धरीन. धंदा भागीदारीऐवजी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा असेल आणि भांडण कंपनी न्यायाधिकरणात पोचलं असेल, तर तिथे रोज उभा राहणारा माणूस हवा. मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल तर त्याला धंद्याच्या हिशेबापासून दूर ठेवणारा, त्याच कामात आयुष्य गेलेला वकील बरा. कराचा गुंता असेल तर तोही वेगळा. आमच्या वकीलबाईंनी भांडवली नफ्याचा प्रश्न स्वतःहून सीएंकडे सोपवला, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. दोन वकील धरावेच लागले तर त्यांतल्या एकाला पहिल्याच दिवशी, लेखी, मुख्य नेमा. दुसऱ्याचा प्रत्येक मसुदा त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय सही करू नका.

निवड करताना फीचा फार विचार करू नका असं मी म्हणणार नाही, पण फीची रीत विचारा. वाटणीत मिळेल त्याच्या टक्केवारीने फी मागणारा वकील नियम मोडतोय, तिथूनच उठा. अनुभव पडताळायला एकच प्रश्न पुरे: फर्मच्या ताळेबंदात असलेली पण कुटुंबातल्या एकाच्या नावावर असलेली मिळकत तुम्ही यापूर्वी कशी हाताळली? ज्याने हे केलेलं असतं तो लगेच तुम्हाला उलट प्रश्न विचारायला लागतो: पैसा कुठून गेला, घसारा घेतला का, भाडं दाखवलं का.

आधीच कोणाला वकीलपत्र दिलेलं असेल आणि आता बदलायचं असेल, तर रीतसर बदला. आधीच्या वकिलांची नाहरकत घ्या. ती मिळाली नाही तर न्यायालयाच्या परवानगीने नवं वकीलपत्र दाखल करता येतं. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये स्पष्ट केलंय. बाकी असेल ती फी देऊन टाका, मूळ दस्तांची यादी करून पोच घ्या, आणि तीच यादी नव्या वकिलांच्या हाती द्या.