लेखी प्रोटेस्ट की पुढच्या पिचआधी निकाल?

यंदा मुलाच्या लिटल लीग (मुलांच्या बेसबॉलची संघटना) संघाचं मॅनेजरपद तुमच्याकडे आलं असेल, किंवा बोर्डावर बसून सीझनआधी स्थानिक नियमांवर मत द्यायचं असेल, तर एक प्रश्न समोर येतोच. अंपायरने नियमच चुकीचा लावला तर काय करायचं? सामना ‘अंडर प्रोटेस्ट’ चालू ठेवून नंतर लेखी तक्रार द्यायची, की खेळ थांबवून पुढचा पिच, म्हणजे बॅटरकडे टाकलेला पुढचा चेंडू, पडायच्या आत निकाल लावून घ्यायचा? इथे न्यू जर्सीत थोरल्याच्या संघाबरोबर मी पहिला मार्ग अनुभवला, धाकट्याच्या संघाबरोबर दुसरा.

बॉल की स्ट्राइक, सेफ की आउट, यावर दोन्ही मार्गांनी काही करता येत नाही. ती अंपायरची नजर. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पालकांचा इथेच घोळ होतो, एकतर आपण अंपायरपुढे तोंडच उघडत नाही, नाहीतर सगळ्याच निर्णयांवर अपील करत सुटतो. फरक कळायला इनफिल्ड फ्लायचं उदाहरण चांगलं: बेसजवळच्या आतल्या मैदानात उंच उडालेला सोपा झेल, अंपायरने तसा पुकारला की झेल सुटला तरी बॅटर आउट. चेंडू सहज झेलण्याजोगा होता का, हे अंपायरने ठरवायचं. पण रनर फक्त पहिल्या बेसवर असताना इनफिल्ड फ्लाय पुकारला, तर ती सरळ नियमाची चूक, कारण निदान पहिला आणि दुसरा असे दोन्ही बेस भरलेले हवेत आणि आउट दोनपेक्षा कमी. प्रोटेस्ट करायचा तो अशाच चुकीवर.

लेखी मार्गाची पद्धत चांगली आखलेली आहे. पुढचा खेळ सुरू होण्याआधी मॅनेजरने अंपायरला सांगायचं, अंपायरने सहकाऱ्यांशी बोलायचं, पटलं नाही तर सामना प्रोटेस्टखाली चालल्याचं जाहीर करायचं. मग 24 तासांत लीगच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार. अध्यक्ष, प्लेअर एजंट (लीगमध्ये खेळाडूंचं काम बघणारा पदाधिकारी), मुख्य अंपायर आणि आणखी एखाद-दोन पदाधिकारी बसून ठरवतात. कोणी कोणावर ओरडत नाही, सगळे शांत डोक्याने नियमपुस्तक उघडतात. आमच्या तक्रारीनंतर लीगच्या अंपायरांच्या बैठकीत तो नियम पुन्हा समजावला गेला. मैदानावरच्या पाच मिनिटांत असं शिक्षण होत नाही, हे मला मान्य करायलाच हवं.

तरीही माझं मत फिरलं, ते तक्रार मंजूर झाल्यावर जे घडलं त्यामुळे.

मेजर्सचा, म्हणजे लिटल लीगच्या साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विभागाचा सामना, सहावी म्हणजे शेवटची इनिंग, आमची बॅटिंग, आम्ही 5-6 ने मागे. दोन आउट, दुसऱ्या बेसवर रनर. शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटणारा फटका, गेला आणि त्याचा थ्रो पहिल्या बेसमनच्या डोक्यावरून थेट हद्दीबाहेर. अंपायर म्हणाले, इनफिल्डमधला थ्रो, एक बेस. रनर तिसऱ्यावर, बॅटर पहिल्यावर. हा गैरसमज फार मैदानांवर भेटतो. इनफिल्डरचा तो पहिलाच प्ले असेल तर पिच पडताना जो जिथे होता तिथून दोन बेस मिळतात. म्हणजे आमचा रनर होमला, बॅटर दुसऱ्यावर, स्कोअर 6-6. मी प्रोटेस्ट नोंदवला. पुढचा मुलगा फुल काउंटपर्यंत (तीन बॉल, दोन स्ट्राइक) जाऊन तिसऱ्या स्ट्राइकवर आउट, म्हणजे स्ट्राइकआउट झाला आणि सामना संपला.

समितीने आमची बाजू मान्य केली. नियम सांगतो की खेळ चूक झाली त्या नेमक्या क्षणापासून पुन्हा सुरू करायचा. तो क्षण आला अकरा दिवसांनी, एका मंगळवारी संध्याकाळी.

त्या अकरा दिवसांत स्ट्राइकआउट झालेला तो मुलगा दर प्रॅक्टिसला विचारायचा, “काका, परत मीच जाणार ना बॅटिंगला?” बारा वर्षांचं पोर. खरं तर आउट होऊन घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते विसरायचं वय. समोरच्या शॉर्टस्टॉपचंही तसंच. जिंकलो म्हणून आनंदाने घरी गेलेला मुलगा, आणि त्याच्याच थ्रोमुळे दोन्ही संघ परत मैदानात आलेले. तो डगआउटमध्ये आईशेजारी गप्प बसला होता. आमचे दोघे गावाला गेलेले.

आणि ‘नेमका तो क्षण’ तरी कुठे होता? ओव्हरथ्रो झाला तेव्हा त्यांच्या पिचरचे 76 पिच झाले होते. दिवसाला 85 पिचची मर्यादा जवळ आलेली, हात थकलेला. अकरा दिवसांनी त्याच मुलाला त्या दिवसाची सगळी मर्यादा नव्याने मिळाली. ताज्या हाताने त्याने चार पिचमध्ये आमच्या मुलाला बाद केलं. सातव्या इनिंगमध्ये आम्ही हरलो. स्कोअर दुरुस्त झाला, वेळ काही परत आली नाही.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्येही असंच दिसतं. 24 जुलै 1983 ला यांकी स्टेडियमवर जॉर्ज ब्रेटचा होमरन बॅटवरच्या पाइन टारमुळे (पकडीसाठी लावायचा चिकट पदार्थ) रद्द झाला. त्याच्या कॅन्सस सिटी संघाचा प्रोटेस्ट अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी मान्य केला आणि उरलेला खेळ 18 ऑगस्टला झाला. कॅन्सस सिटी 5-4 ने जिंकली, निकाल योग्यच. पण त्या दिवशी यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिनने रॉन गिड्री या पिचरला लांब सेंटर फिल्डला उभं केलं होतं, म्हणजे तो जुना क्षण तिथेही परत आला नाही. मेजर लीग बेसबॉलने 2020 पासून सामन्याविरुद्धचे प्रोटेस्ट बंदच केले.

धाकट्याच्या मायनर्स (मेजर्सच्या खालच्या) विभागात आमच्या लीगने पुढच्या पिचआधी निकालाचा नियम स्वीकारला होता. मायनर्ससाठी स्थानिक लीगला तसं करता येतं, आणि लिटल लीगच्या टूर्नामेंटमध्ये तर तीच रीत आहे. यातही त्रास आहे. खेळ सात-आठ मिनिटं थांबतो, आउटफिल्डमधली मुलं गवत उपटत बसतात. अंपायर कधी पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी असतो, दोन मोठी माणसं दोन्ही बाजूंनी आली की बावरतो. एकदा घाईत आमच्याविरुद्ध चुकीचा निकाल गेला आणि तो तसाच राहिला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मुलं दहा मिनिटांत पुढच्या इनिंगमध्ये होती. कोणाला अकरा रात्री जागवलं नाही. तुमच्या लीगमध्ये शनिवार-रविवारी मैदानावर निकाल द्यायला ड्युटीवर नियम जाणणारं माणूसच मिळत नसेल, तर लेखी मार्ग कदाचित बरा ठरेल. तसं माणूस असेल, तर माझा कल जागेवरच्या निकालाकडे आहे.

मेजर्सच्या नियमित सामन्यांत लेखी प्रोटेस्टच आहे, पण तिथेही अंपायरांनी आपसात बोलायची पायरी आहेच. तीच पुरेपूर वापरा. ‘टाइम’ मागा, चालत जा, आणि “तुमचं चुकलं” म्हणू नका. आधी विचारा, काय पाहिलंत? थ्रो कोणाचा, पहिलाच प्ले का, रनर कुठे होता? ही उत्तरं त्यांच्या तोंडून आली की वाद नजरेचा राहत नाही, फक्त नियमाचा राहतो. मगच म्हणा, अशा वेळी बेस किती, एकदा सहकाऱ्याला विचाराल का? त्या दिवशी मी उलट केलं, आधी “दोन बेस” म्हणून आवाज चढवला आणि त्यांना मागे फिरायला जागाच ठेवली नाही.

मायनर्सचा ठराव करणार असाल तर तो सीझनआधी करा, आणि ड्युटीवरचं माणूस त्या सामन्यातल्या कुठल्याही मुलाचं आई-वडील नसेल एवढं बघा.