जुन्या लॅपटॉपवर स्टॉकफिश आणि पाच मोहऱ्यांचा टेबलबेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

बुद्धिबळाच्या इलेक्ट्रॉनिक पटाची एच पट्टी गेली. त्या पट्टीतल्या घरांवर मोहरं ठेवलं तरी पटाला कळत नाही. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं: पट दिल्लीला पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा, तपासणीचे पैसे आधी भरा आणि सेन्सर वॉरंटीत येत नाही. सेन्सर हाच त्या पटाचा जीव. तो वॉरंटीत नसेल तर वॉरंटी कशाची, याचं उत्तर फोनवर कुणी दिलं नाही. मी आणखी एक रुपयाही न घालायचं ठरवलं आणि घरातल्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर टाकलं.

स्टॉकफिश किती तगडं आहे हे इथं कुणाला सांगायला नको. मी फक्त एकच गोष्ट बघत आलोय: मोहऱ्यांची मारामारी करून डाव सोपा करायचा की नाही, हे प्रोग्राम कसं ठरवतो. कारण आमची पुतणी. तिचे डाव सुरुवातीला आणि मध्याला छान चालतात. एक प्यादं वर आलं की मात्र दिसेल ते मारत सुटते आणि बरोबरीचा अर्धा गुण घेऊन घरी येते. ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळासाठी आयुष्य वेचलं, त्या सांगलीत पोर एंडगेम, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरचा डावाचा शेवट, न शिकता स्पर्धेला बसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तिला हे शिकवलं कुणी? बंद पडण्याआधी त्याच पटानं. त्यातला प्रोग्राम पांढऱ्याकडून खेळत होता: हत्ती, पांढऱ्या घरांचा उंट आणि एच प्यादं. समोर काळ्याचा फक्त हत्ती. त्यानं हत्तीला हत्ती मारून घेतला आणि पडद्यावर अधिक चार, म्हणजे पांढरा चार प्याद्यांइतका वर, असं दाखवलं. काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. एच८ हे काळं घर, पांढऱ्या घरांचा उंट तिथून राजाला कधीच हुसकू शकत नाही. बरोबरी. प्रोग्राम मात्र शेवटपर्यंत अधिक चारच दाखवत राहिला. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत ही गोष्ट मला सहन होत नाही.

जुन्या प्रोग्रामांत हे नियम माणसांनी हातानं लिहिलेले असायचे. वर असाल तर मोहरी बदला, प्यादी राखा; खाली असाल तर प्यादी बदला. विरुद्ध रंगांचे उंट उरले तर आकडा कमी करा. नियम चांगलेच आहेत, पण जो अपवाद लिहिला नाही तिथं प्रोग्राम फसतो. स्टॉकफिशमध्ये २०२० साली, बाराव्या आवृत्तीत, स्थितींवरून स्वतः शिकलेलं न्यूरल नेटवर्क आलं आणि हळूहळू हातानं लिहिलेलं मूल्यमापन निघून गेलं. आता आकड्याचा अर्थही बदललाय. २०२२ अखेरच्या १५.१ आवृत्तीपासून अधिक एक म्हणजे एक प्यादं वर असं नाही, तर त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता निम्मी. हे माहीत नसेल तर मारामारीनंतर आकडा का हलला ते कळतच नाही.

पहिले काही आठवडे मी टेबलबेसशिवाय, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं असलेल्या तक्तीशिवाय, चालवलं आणि मित्रांना सांगत होतो की त्याची गरज नाही. ते मत आता राहिलं नाही. वरच्याच उंट-प्याद्याच्या स्थितीत माझ्या लॅपटॉपवर आकडा शून्याकडे येत होता, पण रेंगाळत. पोरीला तेवढा धीर नसतो. ती पहिला आकडा बघते आणि मारते.

म्हणून सिझिजी नावाचा टेबलबेस उतरवून घेतला. रोनाल्ड डी मान यांनी २०१३ साली केलेलं हे काम फुकट मिळतं. दोन्ही राजे धरून पाच मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती त्यात सोडवलेली आहे, आणि सगळं मिळून जेमतेम एक जीबी. सेटिंगमध्ये सिझिजी पाथ दिला की झालं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी: खोलवर शोध घेताना स्टॉकफिश ही तक्ती उघडतं ते मोहरं मारलं गेल्यावर किंवा प्यादं हलल्यावर, म्हणजे पन्नास खेळ्यांच्या बरोबरीच्या नियमाची मोजणी पुन्हा शून्यावर येते तिथं. मारामारीनंतर काय उरतं, हा पोरीला विचारायला शिकवायचा प्रश्न. मशीन नेमकं तिथंच तक्ती बघतं.

मग ते खेळू लागलं ते बघण्यासारखं होतं. दोन घोडे विरुद्ध एक प्यादं. पोर म्हणाली, "काका, प्यादं फुकट मिळतंय, मशीन मारत का नाही?" नुसत्या दोन घोड्यांनी जबरदस्तीनं मात होत नाही, काळ्याला खेळीच उरत नाही आणि स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, होतं. प्यादं जिवंत असलं की काळ्याला खेळी उरते. म्हणून एका घोड्यानं प्यादं अडवून धरायचं आणि योग्य क्षणी सोडायचं. एंडगेमचा अभ्यासक ट्रॉइट्स्की यानं हे संगणक नसताना शोधून काढलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला उशिरा उठलो.

तक्रारही आहे, आणि ती छोटी नाही. सिझिजी सर्वांत जवळची मात सांगत नाही. पुढच्या मारामारीपर्यंत किंवा प्याद्याच्या खेळीपर्यंत किती अंतर आहे तेवढं सांगतं. त्यामुळे जिंकलेल्या डावात मशीन कधी कधी हत्ती देऊन टाकतं आणि साध्या, पण नक्की जिंकणाऱ्या शेवटात उतरतं. आकडा एकदम दोनशेच्या घरात जातो. गणितानं बरोबर, पण पोरीनं ते उचललं तर स्पर्धेत घात होईल. म्हणून आता खेळताना टेबलबेस बंद, डाव तपासताना चालू. ताकद कमी केलेल्या पातळ्यांचाही उपयोग होत नाही. तिथं ते मुद्दाम हलकी खेळी निवडतं, त्यामुळे त्याची मारामारी कशी होती हे शिकण्यासारखं उरतच नाही.

तपासणीची आमची पद्धत साधी आहे. हत्ती बदलण्याआधी पोरीनं उत्तर वहीत लिहायचं, मग तक्ती उघडायची. उदाहरणार्थ पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. पांढऱ्याची खेळी असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. मारामारी तीच, फक्त पाळी कुणाची यावर अर्धा गुण. असे तिचे शेवट आता निम्म्याहून अधिक बरोबर येतात.

पुढच्या खर्चाबद्दल. सहा मोहऱ्यांच्या तक्तीला साधारण दीडशे जीबी लागतात, म्हणजे नवी एसएसडी. सात मोहऱ्यांची २०१८ साली पूर्ण झाली, ती सतरा-अठरा टीबीच्या आसपास, घरात ठेवायची गोष्टच नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर सात मोहऱ्यांपर्यंतचं उत्तर फुकट बघता येतं, तेव्हा मी एसएसडी घेत नाही. कुणी सहा मोहऱ्यांची तक्ती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चालवली असेल तर शोधाचा वेग किती पडतो ते खाली जरूर लिहा, माझ्याकडे तशी एक डिस्क रिकामी पडून आहे.