सेकंड मेटचं तिकीट हातात आलं, आता पहिलं जहाज कुठलं?

मामेभाऊ मुंबईत ओरल्स, म्हणजे सेकंड मेटच्या परवान्याची तोंडी परीक्षा, पास झाला, तेव्हा मी तळेगावात सुट्टीवर होतो. पुढच्याच रविवारी तो फाइल घेऊन घरी आला. फाइलमध्ये दोन ऑफर होत्या. एक हँडीसाइज बल्करवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड मेट, म्हणजे सगळ्यात कनिष्ठ डेक ऑफिसर म्हणून, दुसरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर काम करणाऱ्या अँकर हँडलरवर (प्लॅटफॉर्मची नांगर-सामानाची कामं करणाऱ्या जहाजावर). तिसरी गोष्ट फाइलमध्ये नव्हती, ती त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर होती: बर्फातून वाट काढणारं एक्स्पिडिशन जहाज. "दादा, आयुष्यभर सिंगापूर-रॉटरडॅम करायचं नाहीये मला. काहीतरी भन्नाट हवंय," तो म्हणाला.

लोणी काळभोर, इंदुरी, कोंढवा इथल्या कॉलेजांतून बाहेर पडलेली बरीच मुलं मला हेच विचारतात. मी त्यांना 'आधी पोट, मग हौस' असं सांगत नाही. मीही हौसेनेच समुद्रावर गेलो. पण गेली काही वर्षं चीफ मेट (कप्तानाच्या खालचा ऑफिसर) म्हणून नवीन थर्ड मेट्सना कामाला लावताना एक फरक पक्का लक्षात आलाय. काही जहाजांवर थरार नुसता बघायला मिळतो आणि काही जहाजांवर तो तुमच्या हातून घडतो. पहिल्या दोन काँट्रॅक्टना दुसऱ्या प्रकारचं जहाज मिळवा. सगळे पर्याय मी त्याच एका मापाने मोजलेत: रात्री ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या खोलीत) तुम्ही किती तास एकटे जबाबदार असता?

सर्टिफिकेटवर 'सेकंड मेट' असलं तरी चढता तुम्ही थर्ड मेट म्हणूनच. आठ ते बाराचा वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, सकाळी आणि रात्री. त्याच्या जोडीला लाइफबोटी आणि आग विझवण्याच्या सामानाची देखभाल. हे जवळपास सगळीकडे सारखंच. फरक पडतो तो जहाज कुठे जातं आणि कप्तान तुमच्यावर किती सोपवतो यात.

हँडीसाइज बल्कर

सांगायचं झालं तर ही सगळ्यात साधी ऑफर. चाळीस हजार टनांपर्यंतचं, स्वतःच्या क्रेन असलेलं जहाज. याला ठरलेला मार्ग नसतो. माल मिळेल तिकडे जायचं: न्यूझीलंडच्या टौरंगाहून कांडल्याला लाकडाचे ओंडके, अर्जेंटिनात पराना नदीवरच्या रोझारिओहून धान्य, कुठून खत, कुठून भंगार. कंटेनर जहाज बंदरात काही तासांत रिकामं होतं. बल्कर आठ-दहा दिवस उभा राहतो, पावसाने हॅच बंद ठेवावे लागले तर त्याहून जास्त. जग बघायचं असेल तर ते इथे खरंच बघायला मिळतं.

माझ्या पहिल्या काँट्रॅक्टला आम्ही सेंट लॉरेन्समधून ग्रेट लेक्सकडे गेलो. एकामागून एक लॉक (दारं असलेले पाण्याचे हौद) ओलांडत अख्खं जहाज पाण्यानेच वर उचललं जातं. लेक सुपीरियरपर्यंत पोचता तेव्हा तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंचीवर असता. पर्वती पायथ्यापासून जेवढी उंच, त्याच्या दुपटीहून जास्त. लॉकची रुंदी २४.४ मीटर आणि आत जाणाऱ्या जहाजाची कमाल रुंदी २३.८. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा वीत. विश्रांतीचे तास पूर्ण व्हावेत म्हणून चीफ मेट झोपायला गेला होता आणि वॉकी-टॉकी घेऊन पुढच्या टोकाला मी उभा होतो. पहाटेचे तीन, हातमोज्यातसुद्धा बोटं बधिर. समोरची ओली काँक्रीटची भिंत हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. मी "वन फीट, पोर्ट साइड" म्हणायचं आणि दीडशे मीटर मागे ब्रिजवरच्या माणसाने माझ्या शब्दावर जहाज हलवायचं. मी बावीस वर्षांचा होतो. त्या रात्रीनंतर मला कुणी 'बल्करवर काय असतं?' असं विचारलं की मी लगेच भिंतीपासून सुरुवात करतो.

कष्टही सांगतो. कोळसा उतरवून धान्य भरायचं असेल तर होल्ड (मालाची कोठी) दाणा-दाणा साफ लागतो. इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन फ्रेमच्या मागे बघतो आणि नापास केलं तर सगळं पुन्हा. इंटरनेट कधी बरं असतं, कधी नसतं. काँट्रॅक्ट साधारण सहा महिन्यांचं आणि त्यात महिना पुढे-मागे. गणपती, दिवाळी, बहिणीचं लग्न, काहीतरी हुकणारच. टँकरपेक्षा पगारही कमी.

पण वॉचवर तुम्ही एकटे असता. फॉरेन-गोइंगचा सी-टाइम, म्हणजे परदेशी फेऱ्यांवरची सेवा, निर्विवाद भरतो. चीफ मेटच्या परीक्षेसाठी आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेच किमान बारा महिने वॉचकीपिंग लागतं, त्यामुळे ही गोष्ट हौशीइतकीच महत्त्वाची.

मुंबई हायवरचं ऑफशोअर

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, १९७४ मध्ये तेल सापडलेलं क्षेत्र. पुण्याच्या मुलाला हे घराजवळचं वाटतं आणि आहेही. ट्रिप लहान, घरी येणं वारंवार. काम मात्र अजिबात सोपं नाही. प्लॅटफॉर्मभोवतीच्या पाचशे मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात शिरायचं, जहाजाची पाठ प्लॅटफॉर्मकडे करून उभं राहायचं आणि वरच्या क्रेनमधून सामान येईपर्यंत तिथेच स्थिर राहायचं. पावसाळ्यात, दोन-तीन मीटरच्या लाटांत. जहाज हाताळणं शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही. बल्करवाला कप्तान वर्षभरात जेवढ्या वेळा जहाज जवळ नेतो, त्याहून जास्त वेळा ऑफशोअरवाला महिन्याभरात नेतो.

इथली दुसरी मिळकत म्हणजे डीपी, डायनॅमिक पोझिशनिंग. नांगर न टाकता संगणक, प्रॉपेलर आणि थ्रस्टर यांच्या जोरावर जहाज एका जागी धरून ठेवणं. याचं सर्टिफिकेट मिळालं की पुढे केबल टाकणारी जहाजं, ड्रिलशिप, संशोधन जहाजं, पवनचक्क्या उभारणारी जहाजं, सगळी दारं उघडतात. ज्याला 'भन्नाट' काम म्हणतात, त्यातल्या निम्म्याची किल्ली डीपी आहे.

आता अडचणी. जुन्या अँकर हँडलरवर डीपी नसतंही किंवा असलं तरी कन्सोलवर नवख्याला बसू देत नाहीत. किनाऱ्याजवळची सेवा फॉरेन-गोइंग परीक्षेसाठी पूर्ण धरली जाईल असं गृहीत धरू नका. नोकरी घेण्याआधी डीजी शिपिंगचे (जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याचे) नियम बघून लेखी खात्री करा. आयकराचाही मुद्दा आहे. परदेशी फेऱ्यांवर वर्षातले पुरेसे दिवस देशाबाहेर गेले तर अनिवासी दर्जा मिळतो. मुंबई हायवर तो मिळत नाही, त्यामुळे दोन ऑफरमधले पगाराचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नये. शिवाय ऑफशोअरमध्ये चार-पाच वर्षं गेली की डीप-सी कंपन्या परत घ्यायला कचरतात.

धोक्याबद्दल एवढंच. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबई हायवर पी-३०५ बार्ज आणि वरप्रदा टग बुडाली, सत्तरहून अधिक माणसं गेली. आपल्याच किनाऱ्यावर, हवामानाचा इशारा असताना. ऑफशोअरच्या मुलाखतीत 'वादळात जहाज बंदरात कधी आणतात आणि तो निर्णय कोण घेतं?' हा प्रश्न मी स्वतः विचारीन. उत्तर देताना समोरचा अडखळला तर मी उठून येईन.

बर्फाकडे जाणारी जहाजं

वॉलपेपरवरचं स्वप्न. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या उशुआयाहून नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंटार्क्टिकाकडे निघणारी लहान क्रूझ जहाजं. ड्रेक पॅसेज ओलांडायला साधारण दोन दिवस आणि मग हिमनगांतून वाट. तिथल्या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी एकावेळी शंभराहून जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत. त्यामुळे दिवसभर रबरी बोटींची ये-जा चालते आणि ज्युनिअर ऑफिसर त्यात बुडालेला असतो.

अडचण दाराशीच आहे. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांसाठीचा पोलर कोड लागू आहे आणि त्यासोबत वेगळं प्रशिक्षण. बेसिक कोर्स करता येतो. वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटसाठी मात्र ध्रुवीय पाण्यात दोन महिन्यांची सेवा किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो. प्रवासी जहाजाचे कोर्स वेगळे. या कंपन्यांना नवखा थर्ड मेट फारसा नको असतो. मिळालाच तर अनेकदा पाहिजे असतो तो त्यांच्याकडेच कॅडेट (शिकाऊ) राहिलेला. शिवाय जहाजावर दोन-तीन सीनिअर असल्याने सुरुवातीला वॉच एकट्याच्या हाती येत नाही. माझ्या मापाने पहिली नोकरी म्हणून हा पर्याय मागे पडतो. तिसरी-चौथी म्हणून उत्तम.

भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांत ऑफिसर म्हणून जाता येईल का, असंही मुलं विचारतात. १९८१ मधल्या पहिल्या मोहिमेपासून बर्फातली जहाजं परदेशातून, चालकवर्गासकट भाड्याने घेतली जातात. त्यापेक्षा सागर निधीसारखी आपली संशोधन जहाजं नजरेत ठेवा. हे जहाज १०० मीटरहून लांब आहे, बर्फ सोसेल असं बांधलेलं आहे, त्यावर डीपी आहे आणि ते ६६ अंश दक्षिणेपर्यंत जाऊन आलंय. तिथल्या ऑफिसरचं काम म्हणजे शास्त्रज्ञांची उपकरणं हजारो मीटर खोल लोंबकळत असताना जहाज तासन्‌तास जागेवर धरणं. ज्याला शांतपणा आवडतो त्याच्यासाठी मी याहून सुंदर नोकरी बघितलेली नाही.

एखाद्या कामासाठी झटणारी जहाजं

मर्सी शिप्सची रुग्णालयं असलेली जहाजं आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्‌महिने उभी असतात आणि चालतात मुख्यतः स्वयंसेवकांवर. काम मनाला भिडणारं, पण जहाज बंदरात बांधून उभं असताना नेव्हिगेशनचा वॉच कुठला? शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर हा विचार पुढे ढकला. ग्रीनपीस ऑफिसरांना पगार देतं, पण २०१३ मध्ये आर्क्टिक सनराइज रशियाने ताब्यात घेतलं आणि जहाजावरच्या तीसही जणांना कोठडीत टाकलं. तिथे जायचं तर हे घरी सांगून, आई-वडिलांशी बोलूनच जावं.

टँकरबद्दल मुलं विचारत नाहीत, तरी दोन वाक्यं. पगार चांगला, शिस्त कडक. मोठ्या तेल कंपन्या जहाजावरच्या ऑफिसरांचा एकत्रित टँकर-अनुभव मोजतात, म्हणून बाहेरचा नवखा तिथे सहज बसत नाही. तुमची कॅडेटशिप टँकरवर झाली असेल तर ती जागा सोडू नका.

'अ‍ॅडव्हेंचर' विकणारे

हे मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय. दुसऱ्या काँट्रॅक्टला मी पश्चिम आफ्रिकेतल्या एका टगवर गेलो. 'साल्व्हेजचं (अडकलेली-बुडालेली जहाजं सोडवण्याचं) काम, थरारक' असं एजंटने सांगितलं आणि प्रोसेसिंगच्या नावाखाली पैसे घेतले. मी पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन ते त्याच्या हातात दिले. जहाज तीन महिने नांगरावर पडून होतं. दुसऱ्या महिन्यापासून पगार बंद. शेवटी जेवणात भात आणि डबाबंद मासे उरले. आई फोनवर विचारायची, "जेवलास का रे?" आणि मी हो म्हणायचो. घरी परत आणलं ते विम्याने. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ पासून ही तरतूद आहे: मालकाने जहाज सोडून दिलं तर विमा माणसाला घरी पोचवतो आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देतो. माझ्याकडे ते प्रमाणपत्र जहाजावर भिंतीला लावलेलं होतं म्हणून पुढे काही हललं.

तेव्हा चढण्याआधी एजन्सीचा आरपीएसएल (नाविक भरतीच्या परवान्याचा) नंबर डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे नाविकाकडून घेणं बेकायदा आहे, मग त्याला कुठलंही नाव द्या. काँट्रॅक्टची सही झालेली प्रत विमानात बसण्याआधी घरी ठेवा. जहाज युद्धक्षेत्र ठरवलेल्या पाण्यात जाणार असेल तर नकार देण्याचा हक्क काँट्रॅक्टमध्ये लिहिलाय का, ते बघा. आणि मॅरिटाइम युनियन ऑफ इंडियाचा नंबर जहाजावर नव्हे, घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा. अडकलेल्या जहाजावर आधी नेटवर्क जातं.

मामेभावाने बल्कर घेतला. मी तेच सुचवलं होतं, पण त्याने ठरवलं एका वेगळ्याच कारणाने. मुलाखतीत त्याने विचारलं, "थर्ड मेटला एकट्याने वॉच कधी देता?" बल्करच्या कंपनीतला कप्तान म्हणाला, "तुझ्यावर माझा विश्वास बसेल त्या दिवशी. साधारण दुसऱ्या आठवड्यात." ऑफशोअरवाल्याने उत्तर दिलं, "तिथे गेल्यावर कळेल." आता तो अमेरिकेच्या सी-वन-डी या नाविकांसाठीच्या व्हिसाच्या तारखेची वाट बघतोय. तो पासपोर्टवर असला की कंपनी कुठल्याही जहाजावर पाठवायला मोकळी होते, म्हणून ओरल्सचा निकाल लागताच व्हिसाच्या मागे लागावं.

तुमच्या हातात एकच ऑफर असेल आणि ती ऑफशोअरची असेल तर ती जरूर घ्या. फक्त चढण्याआधी डीपीचा इंडक्शन कोर्स करून टाका, कारण त्याच्या आधीचे दिवस धरले जात नाहीत. डीपीच्या लॉगबुकवर कप्तानाची सही आणि शिक्का साइन ऑफच्या (जहाज सोडण्याच्या) दिवशी मागू नका. त्या दिवशी बोट लागलेली असते, तुमच्या जागी आलेला रिलीव्हर डेकवर उभा असतो आणि कप्तानाला वेळ नसतो. आदल्या रविवारीच घ्या.