कोपनहेगनमधला डॅनिश क्लास: अडीचकी-औटकी (अडीच आणि साडेतीनचे जुने पाढे) ऐकलेली असेल तर नक्की लावा

इकडे येऊन दीड वर्ष झालं, त्यातले आठ महिने घराजवळच्या एका लँग्वेज स्कूलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी डॅनिश शिकतेय. नवीन आलेले मराठी लोक सारखे विचारतात की ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं मग क्लास कशाला, म्हणून सविस्तर लिहिते. लावाच.

सगळ्यात भारी शिकवलं ते आकडे. पहिल्याच आठवड्यात बेकरीत दालचिनीचा रोल घेतला, काउंटरवरची मुलगी म्हणाली "स्यूओहॅलत्रेस", मला ओ की ठो कळलं नाही, मशीनवर ५७ दिसलं तेव्हा कार्ड लावलं. हॅलत्रेस म्हणजे ५०. बाईंनी फळ्यावर फोड करून दाखवली: अर्धा-तिसरा (दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा) गुणिले वीस, म्हणजे सरळ अडीच विसा! बाजूचा जर्मन मुलगा डोकं धरून बसला आणि मला आजीची औटकी आठवून अंगावर काटा आला. आपलं अडीच संस्कृतातल्या अर्धतृतीय वरूनच आलंय, तोच हिशोब. ७० म्हणजे औट (साडेतीन) विसा, ९० साडेचार विसा, आणि दीडला तर आजही अर्धा-दुसराच म्हणतात. शिवाय सत्तावन्नमध्ये आपण सात आधी घेतो तसंच इथेही, जर्मनमध्येही तसंच. शेजारचे स्वीडिश-नॉर्वेजियन मात्र ५० ला सरळ पाच-दहा म्हणतात, विसांची भानगडच नाही. फ्रेंच ८० ला चार-वीस म्हणतात ते ऐकून माहीत होतं, पण अर्ध्याचा हिशोब त्यांच्यातही नाही.

एक अख्खा तास बाईंनी भावंडं भाषांना दिला तोही फार आवडला. नॉर्वेजियन बातमीचा कागद दिला, जवळजवळ सगळी वाचता आली, कारण १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाकडे होता आणि लिहायची भाषा डॅनिशच होती. पण ऐकायला गेलं की वेगळंच. वर्गातली स्वीडिश मुलगी डॅनिश पान एका दमात वाचते आणि ऑडिओ लावला की अडकते, कारण हे लोक शब्दांची शेपटं गिळतात. 'ती' आणि 'कुत्रा' यांच्यासाठीच्या दोन डॅनिश शब्दांत फरक काय तर घशातला एक बारीक झटका, बस. डॅनिशमधल्या 'मऊ ड'च्या उच्चारासाठी बाईंनी प्रत्येकाला जीभ खालच्या दातांमागे टेकवून दाखवायला लावलं, ते जमायला मला महिना लागला.

आणि हो, भाषांची ही नाती शोधणाऱ्यांतला एक मोठा माणूस, रास्मुस रास्क, डॅनिशच होता, आणि १८२० मध्ये तो आपल्या मुंबईत आला होता, पारशांकडून त्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाची हस्तलिखितं मिळवून इथे घेऊन आला. हे क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

तक्रार एकच पण मोठी आहे. तिसऱ्या मॉड्यूलपासून सगळा भर वाचन आणि परीक्षेवर, वर्गात अठरा जण, बोलायला प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं. ज्या भाषेत लिहिलेलं आणि बोललेलं यात एवढं अंतर आहे तिथे ऐकण्याचा सराव कमी ठेवणं मला अजिबात पटत नाही. मी दोनदा सांगून पाहिलं, बदल झाला नाही. पाचपैकी चार देईन. ॲडमिशन घेताना लहान बॅच मागा आणि पुढच्या बाकावर बसा, बाईंचं तोंड दिसलं पाहिजे.